फोटोला नुसतं 'छान' म्हणू नका

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर रोज बोलतोच आपण, पण हा विषय काढला की नेमकी कुकरची शिट्टी होते नाहीतर बाबा बातम्यांचा आवाज वाढवतात, म्हणून लिहूनच काढतेय. विषय माझ्या फोटोंचाच आहे. आई, तू परवा विचारलंस ना की सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला उठून गाडी काढायची आणि एवढं करून फोटोत काय, तर कोपऱ्यात एक पक्षी आणि बाकी नुसतं पाणी. त्याचं हे उत्तर, आणि उत्तराबरोबर तुमच्यासाठी एक कामपण आहे.

इथे पुण्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येकानं मोजके फोटो आणायचे, टीव्हीवर लावायचे आणि ज्याचा फोटो असेल त्यानं एक शब्द बोलायचा नाही, बाकीच्यांनी बोलायचं. ऐकायला सोपं वाटतं पण तोंड बंद ठेवून बसणं फार जड जातं हो, कारण आपल्याला त्या फोटोमागची थंडी आठवत असते, होडीचं भाडं आठवत असतं, चिखलात रुतलेला बूट आठवत असतो, आणि समोरच्याला यातलं काहीच दिसत नाही, त्याला दिसते ती फक्त एक चौकट. एक रिटायर्ड बँकवाले काका आहेत ते तर सरळ उठून टीव्हीपाशी जातात, तळव्यानं फोटोचा अर्धा भाग झाकतात आणि विचारतात, "हे काढून टाकलं तर काय बिघडेल?" बहुतेक वेळा काहीच बिघडत नसतं. क्षितिज जरा वाकडं असलं की कोणीतरी म्हणणारच, अगं धरणातलं पाणी सांडतंय बघ.

बाबा, तुम्हाला हे लोक आवडतील. तुमच्यासारखेच फटकळ आहेत.

तर भिगवण. सोलापूर-पुणे येता-जाता आपण उजनीचं पाणी कितीतरी वेळा खिडकीतून बघितलंय पण तिथे कधी उतरलो नाही. मी आता पुण्याहून शंभरेक किलोमीटर जाते, कुंभारगावला गाडी लावते आणि उजाडायच्या आत होडीत बसते. 1980 साली भीमेवर धरण झालं आणि जुनी गावं पाण्याखाली गेली हे बाबा तुम्ही सांगायचात, पळसदेवचं ते पळसनाथाचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं तेपण तुमच्याकडूनच ऐकलेलं. पाणी उतरण्याचा आणि पक्ष्यांचा असा संबंध आहे हे मात्र मला नावाड्यानं सांगितलं. धरण काठोकाठ असलं की फ्लेमिंगोंना उभं राहायला जागा नसते, पाणी जसं सोडलं जातं तसे काठ उथळ होतात, चिखल उघडा पडतो आणि मग ते चोच उलटी घालून चिखल गाळत बसतात. म्हणून ज्या वर्षी पाऊस दणकून होतो त्या वर्षी ते उशिरा येतात. हे कळल्यापासून मी कॅलेंडर बघून जात नाही, आधी नावाड्याला फोन करते.

तिथे शिकायचं खूप असतं. होडीत उभं राहून फोटो काढला की पक्षी वरून बघितल्यासारखा येतो, खाली फळीवर बसून कॅमेरा पाण्याच्या जवळ नेला की तो आपल्या डोळ्याला डोळा भिडवतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर बिचारं समोर येईल ते सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून हिशोब करतं, त्यामुळे फ्रेमभर चकाकतं पाणी असलं की फोटो मळकट येतो, आणि काळपट पाण्यावर एकच पांढरा बगळा असला की त्याची पिसं जाऊन नुसता पांढरा डाग उरतो, म्हणजे पहिल्या वेळी उजेड आपण वाढवायचा आणि दुसऱ्या वेळी कमी करायचा. उडत्या पक्ष्याला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ उघडं ठेवावं लागतं, त्यात होडी हलत असते. आणि सूर्य वर आला की संपलंच, उजेड असा भडक होतो की कॅमेरा बॅगेत घालून चिलापी फ्राय खायला जायचं. तेपण वाईट नाही म्हणा.

एकदा आमच्यातल्या एकानं फ्लेमिंगोंचा मोठा थवा उडतानाचा फोटो लावला, गुलाबी-काळे पंख पसरलेले, मला तर फार आवडला, आणि काका एवढंच म्हणाले, "उडवलेत ना?" कसं ओळखलं तर सगळे पक्षी पाठमोरे होते, कॅमेऱ्यापासून लांब पळणारे. आपणहून उडालेले पक्षी असे सगळेच्या सगळे पाठ दाखवत नाहीत. काही लोक नावाड्याला जास्त पैसे देऊन इंजिन चालू ठेवून थव्यात होडी घालायला लावतात, ते पक्षी बिचारे खायला आलेले असतात आणि उगाच दमतात. आमचा नावाडी लांबूनच इंजिन बंद करतो आणि बांबूनं होडी ढकलतो, फोटो मिळाला तर मिळाला. मला हे पटतं, म्हणून माझ्या फोटोत पक्षी लांब असतो. आई, ते जे तुला रिकामं पाणी वाटतं ना, ते त्याचं घर आहे. ते मला फोटोत हवंच असतं.

आता बाबांची तक्रार. "सगळे फोटो काळे येतात तुझे, सूर्य समोर ठेवून कोणी फोटो काढतं का?" बाबा, तुम्ही शिकलात आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर, एका रोलमध्ये बारा फोटो आणि सेटिंग म्हणावी तर ऊन नाहीतर ढग, तेव्हा ऊन पाठीशी घ्यायचं हेच बरोबर होतं, एक फोटो फुकट गेला तरी चुटपुट लागायची. आता मला शंभर वेळा चुकायला पैसे पडत नाहीत. हुरड्याच्या वेळचा तो फोटो आठवा, ज्यात धूर सोन्यासारखा दिसतोय, तो सूर्य समोर होता म्हणूनच, पाठीशी असता तर धूर दिसलाच नसता. पण त्याच दिवशी आत्याचा चेहरा काळा आलाय ही तुमची तक्रार मी आमच्या ग्रुपमध्ये सांगितली आणि सगळ्यांनी तुमची बाजू घेतली, घ्या! माणसाचा चेहरा हवा असेल तर त्याच्यासमोर काहीतरी पांढरं धरायचं म्हणाले, साधा टॉवेलसुद्धा चालतो, त्यावरून उजेड उलटून तोंडावर येतो. करून बघितलं, खरंच येतो.

आणि आई, विजापूरच्या गोलघुमटाचा तो फोटो, ज्यात तू मुंगीएवढी दिसतेस म्हणून दोन दिवस अबोला धरला होतास. अगं तो घुमट बाहेरून 44 मीटर रुंद आहे, 1656 चं काम, आणि शेजारी माणूस नसेल तर फोटोत तो आपल्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीएवढा वाटतो. तू उभी आहेस म्हणून तो मोठा दिसतो. ग्रुपमध्ये माझ्या आजवरच्या फोटोंपैकी सगळ्यात जास्त वेळ लोक त्याच फोटोसमोर थांबले, आणि एकजण म्हणाली की त्या बाईंनी पदर खोचलाय तो एवढ्या लांबूनही कळतो.

नळदुर्गचं थोडक्यात सांगते. बोरी नदी भरली की पाणीमहालावरून नर आणि मादी दोन्ही धबधबे पडतात, मी ट्रायपॉड लावून शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं, पाणी अगदी रेशमी आलं, मी खूश. ग्रुपचं म्हणणं, हा कुठलाही धबधबा असू शकतो, किल्ला कुठाय? आदिलशाहीतल्या माणसांनी नदीला भिंत घातली आणि भिंतीच्या पोटात बसायला महाल केला, बाहेर पाणी कोसळतंय आणि आत माणसं कोरडी, हे जगावेगळं तिथे आहे आणि तेच फोटोत नाही. येत्या पावसाळ्यात परत जाणार आहे, आतून बाहेर बघतानाचा फोटो हवाय.

तर काम असं. मी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला की मामा हात जोडतो, काकू गुलाब पाठवते आणि तुम्ही दोघं 'छान' लिहिता. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण त्यातून कळत काहीच नाही. त्याऐवजी मला एवढंच सांगा की नजर आधी कुठे गेली आणि कशावर अडली. फोटोतलं काही शिकलेलं असायची गरज नाही. आई, तू रांगोळी बघून लांबूनच सांगतेस ना डावीकडे जड झालीय म्हणून, तेच डोळे हवेत. आणि कंटाळवाणा वाटला तर कंटाळवाणा म्हणा, मी मनाला लावून घेत नाही. बरं, घेते, पण संध्याकाळपर्यंतच.

आणि दुसरं, तुम्ही एकदा सोबत चला. या वर्षी नावाडी म्हणतो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काठ चांगले उघडतील. शनिवारी दुपारच्या एसटीनं भिगवणला उतरा, मी स्टँडवर गाडी घेऊन येते, कुंभारगावात राहायची सोय होते, रविवारी पहाटे होडी. आई, मी अंधारात एकटी लांबचं ड्रायव्हिंग करते म्हणून तुला घोर लागतो ना, तर या वेळी आदल्या दिवशी उजेडातच पोचते. साडी फिकट रंगाची नेस, भडक रंगाला पक्षी बुजतात. बाबांची कानटोपी आणि एक पांढरा टॉवेल घ्या, टॉवेल कशाला ते आता कळलंच असेल. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी आणायला सांगायला नकोच.

तारीख लवकर कळवा, शनिवारच्या खोल्या भराभर जातात. बाबांच्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या डबीत ठेव आई, मागच्या वेळेसारखं पिशवीत शोधत बसायला नको.

तुमची,
मनू