दागिन्यांचा नियम पोरींच्या घरी कधी पोचणार? क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात खानदेशातल्या एका शालेय फुटबॉल सामन्यात नववीतल्या मुलीच्या कानाची पाळी फाटली. कानात बाळी होती, बाळीवर चिकटपट्टी होती. दोघी एकाच चेंडूसाठी उडाल्या, घामाने सुटलेल्या पट्टीखालून बाळीची कडी दुसरीच्या जर्सीच्या जाळीत अडकली आणि खाली येताना पाळी उभी चिरली. प्रथमोपचाराच्या पेटीत साधा कापूस नव्हता. मागच्या हंगामाआधी एका बैठकीत आम्हा पंचांना आणि क्रीडाशिक्षकांना शब्द मिळाला होता की दागिन्यांबद्दल मराठीत परिपत्रक निघेल आणि प्रत्येक शाळेत जाईल. ते आजतागायत आलेलं नाही.

नियम स्पष्ट आहे. फुटबॉलच्या चौथ्या नियमानुसार सगळे दागिने बंद: साखळी, अंगठी, कडं, कानातलं, चामड्याचा पट्टा, रबराचा पट्टासुद्धा. वरून चिकटपट्टी लावलेली चालत नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. खेळाडूंची तपासणी सामन्याआधी, बदली खेळाडूची आत येण्याआधी. खेळ चालू असताना दिसलं तर काढायला सांगायचं, नाही काढलं तर पुढच्या वेळी खेळ थांबताच बाहेर. नकार दिला किंवा पुन्हा घातलं तर पिवळं कार्ड. पंचालाही वेळ मोजायच्या घड्याळापलीकडे काही घालता येत नाही. 2022 च्या कतार विश्वचषकात फ्रान्सच्या ज्यूल कुंदेच्या गळ्यातली सोन्याची साखळी पोलंडविरुद्ध भर सामन्यात काढायला लावली. तिथे तपासणीतून सुटते, तर आमच्या तालुक्याच्या मैदानावर काय होत असेल?

मोठ्यांचंही तेच. 2004 मध्ये स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये पाउलो दियोगो गोलच्या आनंदात कुंपणावर चढला, लग्नाची अंगठी जाळीत अडकली, उडी मारताच बोटाचा वरचा भाग तुटला.

आमच्याकडचे दागिने वेगळे, धोकेही वेगळे. फिरकीच्या कानातल्यावर चेंडू बसला की मागची दांडी कानामागे रुतते, पट्टी लावा नाहीतर नका लावू. नवीन टोचलेल्या कानात घातलेली कडुनिंबाची काडी मोडून पाळीत अडकते. काचेची बांगडी फुटली की पडणारीच्या मनगटात जाते. तुळशीच्या माळेचा दोरा पक्का असतो. जर्सी ओढली गेली की तो तुटत नाही, गळा कापतो. पोरांच्या हातातलं कडं दुसऱ्याच्या भुवईवर बसतं. चांदीचा करदोडा चड्डीखाली दिसत नाही, म्हणून पंचाने तोंडी विचारायलाच हवं. पायातला काळा दोरा मोज्याखाली लपतो, तोही विचारून काढायला लावायचा.

आणि हे सगळं तपासतात कधी? नाणेफेकीच्या 5 मिनिटं आधी. तेव्हा पोरगी रडते, कारण चमकीची फिरकी वर्षभरात फिरवलेलीच नसते. आई बाजूला उभी राहून म्हणते, "नाकनं भोक बुजी जाई." तिचं खोटं नाही. टोचलेली पाळी बरी व्हायला साधारण 6 आठवडे लागतात, नाकाला त्याहून कितीतरी जास्त, आणि त्याआधी काढलं तर ते खरंच बुजतं. म्हणून हे घरी आधी कळायला हवं: टोचायचं तर उन्हाळी सुट्टीच्या सुरुवातीला टोचा, सामने सुरू होईपर्यंत कानातलं काढता-घालता येईल. नाक टोचायचं असेल तर हंगाम संपल्यावर टोचा. एवढं एक वाक्य शाळेच्या प्रवेशिकेवर छापायला किती शाई लागते, मंत्रिमहोदय?

आम्हाला जे हवं आहे ते स्वस्त आहे. तपासणी सामन्याच्या 30 मिनिटं आधी. प्रत्येक मैदानावर साबण, बारीक पक्कड, मजबूत बारीक दोरा आणि नावाची चिठ्ठी लावता येईल अशा पिशव्या, कारण दागिना हरवण्याच्या भीतीने पालक काढू देत नाहीत. पिशवी देता-घेताना शिक्षकाची सही. अडकलेल्या अंगठीसाठी आधी हात वर धरून गार पाणी आणि साबण. नाहीच निघाली तर दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून ओढून घ्यायचं, बाकीचा दोरा अंगठीपासून बोटाच्या पेरापलीकडे घट्ट गुंडाळायचा आणि आतल्या टोकाकडून सोडत जायचं, अंगठी दोऱ्यावरून सरकत बाहेर येते. बोट निळं पडलं असेल तर हा प्रयोग नको, अंगठी कापायचीच. फाटलेल्या पाळीवर स्वच्छ कापड 10 मिनिटं दाबून धरायचं आणि त्याच दिवशी टाक्यांसाठी न्यायचं. हे शिकवायला अर्धा दिवस पुरतो.

पण अर्धा दिवस कुणाकडे नाही. उद्घाटनाला मांडव, हार, शाली, पाहुण्यांच्या भाषणांना तासभर, आणि पोरींच्या तपासणीला 5 मिनिटं. कितीतरी शाळांत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी, गणिताचे सर संघ घेऊन येतात. त्यांना चौथा नियम कुणी सांगायचा? आश्रमशाळेतल्या पोरींना तर परिपत्रक पावरी, भिली या त्यांच्या बोलींत समजावून सांगावं लागेल. धडगाव-अक्कलकुव्याहून पहाटे निघालेल्या संघातल्या पोरीला चांदीसाठी बाहेर बसवतात, ती पुढच्या वर्षी येत नाही. नियम मोडला म्हणून आम्ही तिला बाहेर काढतो, आणि नियम तिच्यापर्यंत पोचवला नाही म्हणून कुणालाच कुणी जाब विचारत नाही. हीच रीत पाण्याची, मैदानाची, रुग्णवाहिकेची. खालच्याने पाळायचं, वरच्याने विसरायचं.

त्या मुलीला टाके पडले आहेत. जिल्ह्याची फेरी 15 दिवसांवर आहे. परिपत्रक त्याआधी शाळांत पोचलं पाहिजे, आणि पिशव्या, पक्कड, साबण मैदानावर.

आपले,
खानदेशातील शालेय फुटबॉलचे पंच व क्रीडाशिक्षक