चौलच्या बंदराला एक खोली द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्री महोदय,

अलिबागहून मुरूडला जाणारा रस्ता रेवदंड्याच्या तटाच्या वेशीतून आत शिरतो. आत माडा-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्यातून वर आलेला सातखणी मनोरा. त्याच्या तळाशी गंजलेल्या तोफा पडून आहेत. येणारे लोक तोफेवर हात ठेवून फोटो काढतात आणि पुढे काशीदला जातात. त्यांना किल्ला दिसतो, पण किल्ला ज्याच्यासाठी बांधला ते चौलचं बंदर दिसत नाही. माझी तळमळ नेमकी तीच आहे.

पोर्तुगीजांना 1521 साली इथे पाय रोवू दिले ते अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाने. त्याला घोडे हवे होते आणि घोडे येत इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातून, समुद्रमार्गे. मग खाडीकाठी दोन गावं शेजारी नांदली: निजामशाही चौल आणि फिरंग्यांचं रेवदंडा. चीनचं कच्चं रेशीम इथल्या मागांवर विणलं जाई आणि कापड गलबतांत चढे. त्याच्याही आधी, 1470च्या सुमारास, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. पालीवरून जुन्नरला पोचला, तर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला आणि 'धर्म बदल, मग परत देतो' म्हणाला. एका खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला. चौलच्या पोरांना ही गोष्ट तोंडपाठ हवी.

सतराव्या शतकात इथले विणकर मुंबईला जाऊन वसले. मुंबई वाढत गेली, चौल मागे पडलं. पण सगळं संपलं नाही. खाडीपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली बोली घरात बोलली जाते. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. त्या व्यापाराची एवढी जिवंत खूण दुसरी कुठली दाखवणार?

2025 मध्ये आपले 11 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात खांदेरी आणि विजयदुर्गही आहेत. छाती भरून आली. पण जलदुर्ग उगाच बांधलेले नाहीत. बंदरं होती, जकात होती, तारवं होती, म्हणून समुद्रावर पहारा लागला. पहाऱ्याला मान मिळाला, आता बंदरालाही मिळू द्या.

मोठी इमारत मागत नाही. रेवदंड्यात किंवा चौलात सरकारी जागेतली एक खोली द्या. तिथे होर्मुझपासून जुन्नरपर्यंतचा व्यापारी मार्ग नकाशावर दाखवा, चौलच्या विणकरांची हकीकत मांडा आणि कोर्लईच्या म्हाताऱ्या माणसांच्या आवाजात त्यांची बोली ऐकवा. आवाज नोंदवण्याचं काम मात्र खोलीसाठी थांबवू नका. ते या पावसाळ्याआधी सुरू करा.

आपला,
अष्टागरातला एक रहिवासी