पाच जूनच्या रोपांआधी मानशीची दारे तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदलावर गावाने काय करावे, याच्या चर्चा आता पंचायतींत, युवक मंडळांत, महिला मंडळांत होऊ लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ठराव बहुतेक ठिकाणी एकच होतो: पाच जूनला, पर्यावरण दिनी, रोपे लावायची आणि फोटो काढायचा. तिसवाडी, डिचोली, बार्देश, फोंडा, सासष्टीतल्या ज्या नदीकाठच्या गावांत खाजन, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, आहे, तिथल्या मंडळींनी रोपांआधी बांधावर एक फेरी मारावी आणि मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या झडपेची, दारे नीट बसतात का ते पाहावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये तेवढीच एक मोकळी जागा उरली आहे, आणि ती मातीच्या बांधांवर व लाकडी दारांवर टिकून आहे.

समुद्राची पातळी वाढते म्हणजे एखाद्या दिवशी बांधावरून पाणी आत येईल, असे लोकांना वाटते. त्रास त्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली, म्हणजे एकूण आठेक सेंटिमीटर. उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडणाऱ्या नदीत आठ सेंटिमीटरचे काय, असे कोणी म्हणेल. पण मानशीचे दार नदीचे पाणी आतल्या पाण्यापेक्षा खाली गेल्यावरच उघडते. नदी जेवढी उशिरा खाली जाईल आणि जेवढी लवकर वर येईल, तेवढा पावसाचे पाणी बाहेर काढायचा वेळ कमी होतो.

हिशेब करून पाहू. ५० हेक्टरच्या खाजनावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५० हजार घनमीटर पाणी साचते. डोंगरावरून आणि रस्त्याच्या मोऱ्यांतून येणारे वेगळे. मानशीचे एक मीटर रुंद दार, त्यातून अर्धा मीटर खोल प्रवाह, वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर तासाला १,८०० घनमीटर पाणी जाते. एका ओहोटीला पाच तास मिळाले तर ९ हजार, दिवसाच्या दोन ओहोट्यांत १८ हजार. शेत मोकळे व्हायला पावणेतीन दिवस लागले. तेच पाच तासांचे चार झाले की साडेतीन दिवस लागतात, आणि तोवर पुढचा पाऊस येतो. भाताचे रोप नुकतेच रुजलेले असेल तर ते पाण्याखाली कुजते. म्हणून बांधाची उंची वाढवण्याइतकेच दार मोठे करणे किंवा दुसरे दार बसवणे महत्त्वाचे आहे. त्याहून स्वस्त काम पोंयीचे. पोंय म्हणजे मानशीच्या आतल्या बाजूची खोलगट पाणथळ जागा. ती भरतीच्या वेळी, दार बंद असताना, पावसाचे पाणी धरून ठेवते. दोन हेक्टरच्या पोंयीत अर्धा मीटर गाळ साचला तर १० हजार घनमीटरची जागा गेली, म्हणजे एका पूर्ण ओहोटीत जेवढे पाणी बाहेर जाते त्याहून जास्त. हा गाळ काढायचा प्रस्ताव ग्रामसभेत क्वचितच येतो. पोंयीत गाळ साचला की लोकांना ती शेतजमीनच वाटू लागते.

मानशीची तपासणी ओहोटीला करून उपयोग नाही. ओहोटीला दार उघडेच असते, सगळे ठीक दिसते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, भरती भरत असताना आतल्या बाजूला उभे राहावे. पाणी तीन जागांहून येऊ शकते. दार आणि चौकट यांच्यामधून येत असेल तर कड झिजली आहे किंवा बिजागरी खाली बसली आहे. उंबरठ्यावरून येत असेल तर बहुतेक वेळा दगड, फांदी नाहीतर प्लास्टिक अडकलेले असते. ओहोटीला उतरून काढले की झाले. तिसरी जागा सर्वांत वाईट: चिऱ्यांच्या खांबाच्या मागून, म्हणजे बांधकाम आणि माती जिथे भेटतात तिथून. इथे पाण्याचा रंग पाहावा. गळणारे पाणी बाहेरच्या नदीइतकेच स्वच्छ असेल तर दुरुस्तीला सवड आहे. बाहेरच्यापेक्षा गढूळ येत असेल तर बांधातली माती वाहून चालली आहे, आणि ते काम उद्यावर टाकता येत नाही. खांबांना दोन खाचा असतील तर त्यांत फळ्या सोडून मधल्या फटीत चिखल ठासावा. भरती तात्पुरती थांबते. नवी मानस बांधताना कंत्राटदार या खाचा वगळतात. अंदाजपत्रकातच त्या मागून घ्याव्यात.

लाकडी दार वरून धड दिसते आणि आतून पोकळ असते, कारण खाऱ्या पाण्यातले किडे लाकूड आतून पोखरतात. हातोड्याने ठोकून पाहावे, पोकळ आवाज आला तिथे टोचा घालावा. सहज आत गेला तर ती फळी येत्या पावसाळ्यात टिकणार नाही. साध्या लोखंडाच्या बिजागऱ्या गंजून फुगतात आणि दार अर्धवट उघडे राहते. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या महाग पडतात, तरी त्याच घ्याव्यात. फायबरचे दार किडत नाही, पण हलके असल्याने लाटेबरोबर फडफडते. खालच्या कडेला वजन आणि चौकटीला रबराची पट्टी लावल्याशिवाय ते घेऊ नये. चाक फिरवून वर-खाली करायचे पोलादी दार बसवायचा आग्रह अलीकडे दिसतो. कागदावर ते आधुनिक आहे. पण जुने दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते आणि ओहोटीला आपोआप उघडते, रात्री दोन वाजतासुद्धा. चाकाच्या दाराला दिवसातून चार वेळा माणूस लागतो. तो पगारी माणूस कोण आणि रजेवर गेला तर कोण, हे लिहून ठरल्याशिवाय असे दार मागू नये.

आता बांध. डागडुजीचे दिवस जानेवारी ते मे, आणि त्यातही अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, जेव्हा भरती बेताची असते. उधाणाच्या दिवसांत हात घातलेले काम पहिल्याच भरतीला धुऊन जाते. खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडले असेल तर दोन्ही बाजूंनी एकदम भरत येण्याआधी तळाला दगडांचा थर द्यावा. तोंड अरुंद होत जाते तसा पाण्याचा वेग वाढतो आणि पाणी खाली खोदत जाते. वरून चार मीटरचे खांड बुजवताना खाली डोह तयार होतो तो यामुळे. मग बांबूच्या किंवा लाकडी खुंटांच्या दोन रांगा, त्यांना विणलेल्या चटया, मध्ये चिखल आणि पेंढा. एका वेळी १५ ते २० सेंटिमीटरचा थर, तो तुडवून घट्ट केल्यावरच पुढचा. शेवटचे तोंड भांगाच्या ओहोटीला, एकाच दमात बंद करावे. अर्धे ठेवून जेवायला जाऊ नये. ओला चिखल सुकताना बसतो, म्हणून हव्या त्या उंचीपेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त चढवावा.

माती कुठली, यावर बरेच काही ठरते. मुरूम किंवा चिऱ्याचा भुगा आणून टाकणे सोपे असते, पण त्यातून पाणी पाझरते. नदीचा चिकण चिखलच हवा. तो बांधाच्या पायथ्याशी जेसीबी लावून काढला की बांध उंच होतो आणि त्याच्याच पायाशी खड्डा पडतो. पुढच्या पावसात बांध त्या खड्ड्यात घसरतो. उंचीच्या निदान तिप्पट अंतरावरून चिखल घ्यावा. नायलॉनच्या पोत्यांत माती भरून रचणे आणीबाणीपुरते ठीक, उन्हाने पोती फाटतात. काँक्रीटची भिंत मऊ चिखलात सगळीकडे सारखी खाली जात नाही, मग सांधे उघडतात आणि त्या फटींतून मागची माती निघून जाते. जिथे बार्जच्या, म्हणजे मालवाहू होड्यांच्या, लाटा थेट आदळतात तिथे नदीच्या बाजूने चिऱ्यांचा किंवा दगडांचा उतरता थर द्यावा. बाकी ठिकाणी मातीच बरी.

कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळांकडे कोणी लक्ष देत नाही. कुर्ली बांधात शिरते, बीळ आरपार होते, भरतीचे पाणी त्यातून वाट काढते आणि महिन्याभरात तिथे खांड पडते. पंधरा दिवसांतून एकदा भरतीच्या वेळी बांधाच्या आतल्या उतारावरून चालत जावे, ओली जागा दिसेल तिथे काठी रोवून खूण करावी. ओहोटीला बाहेरच्या बाजूने बीळ शोधून, खणून, चिखल ठासून भरावे. नुसते तोंड बुजवले तर दोन दिवसांत पुन्हा मोकळे होते. युवक मंडळाला हे काम सहज झेपेल. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, निधीचीही नाही.

रोपेच लावायची असतील तर कांदळ ही खारफुटी लावावी, पण जागा पाहून. बांधाच्या बाहेर, नदीच्या चिखलात, पायथ्यापासून काही मीटर सोडून दोन-तीन रांगा. त्या लाटांचा जोर मोडतात. कांदळाच्या शेंगा पावसाळ्यात पिकतात. एक तृतीयांश भाग चिखलात जाईल अशा उभ्या खोवाव्यात, अंतर मीटर-दीड मीटर. बार्जच्या वाटेवर समोर बांबूचा आडोसा नसेल तर त्या आठवड्यात तरंगत निघून जातात. वन खात्याला आधी कळवावे. बांधावर आणि आतल्या बाजूला मात्र तिवर (हीही खारफुटीच) किंवा कांदळ रुजू देऊ नये. बांध फुटून दोन-तीन वर्षे शेत खाऱ्या पाण्याखाली राहिले की तिवर आपोआप वाढतात आणि मग कायद्याच्या संरक्षणामुळे ते काढता येत नाहीत; शेती परत मिळवायचा रस्ता जवळजवळ बंद होतो. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने गोव्यातल्या खाजनांचे नकाशे करायला, व्यवस्थापन आराखडा करायला सांगितले आणि खाजनात विकासकामांना मनाई केली. ग्रामसभेने आपल्या गावाचा तो नकाशा मागून घ्यावा, बांध, मानशी आणि पोंय त्यात दाखवलेल्या आहेत का हे पडताळावे.

हे सगळे करायचे कोणी? नवी समिती नको. पूर्वी ही व्यवस्था गावकरी किंवा कोमुनिदाद म्हटल्या जाणाऱ्या, गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्था पाहत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर आणि १९७५ च्या नियमांनंतर बांध व मानशी राखणे ही कुळांची संयुक्त जबाबदारी झाली आणि त्यासाठी कूळ संघटना आल्या. हवामान बदलावर काम करणारा स्थानिक गट म्हणतात तो हाच, कायद्याने आधीच तयार असलेला. बऱ्याच गावांत तो फक्त मानशीच्या पावणीच्या दिवशी जागा होतो.

पावणी म्हणजे मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव. संघटनेला नियमित पैसा इथूनच मिळतो आणि खाजनाचे नुकसानही पुष्कळदा इथूनच होते. मासळी पोसायची तर खारे पाणी आत हवे. भात पिकवायचे तर नको. ज्याने बोली मोठी लावली तो पैसे वसूल करायला भरतीला दार उघडे ठेवतो, आणि संघटना मोठ्या बोलीवर खूश असते. जाळे ओहोटीला, बाहेर जाणाऱ्या पाण्यात लावण्याची जुनी रीत आहे. तिने मासळीही मिळते आणि दारही शाबूत राहते. म्हणून करारात काही अटी स्पष्ट लिहाव्यात. जूनपासून कापणी होईपर्यंत भरतीला दार उघडायचे नाही. उघडले तर अनामत जप्त, आणि ती अनामत बोलीच्या निदान अर्धी असावी, नाहीतर दंड भरणे परवडते. दार अडकवण्याच्या साखळीचे कुलूप संघटनेकडे. जाळ्यासाठी खांबाला भोके पाडायची नाहीत. आलेल्या रकमेतला ठरावीक वाटा बांधासाठी वेगळ्या खात्यात जावा आणि त्या खात्याचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. पावणी आटोपली की उरलेल्या पैशांतून जेवण घालणाऱ्या संघटनाही आहेत. जेवण जरूर घालावे, आधी बिजागरी बदलून.

मोजमाप फार लागत नाही. मानशीच्या खांबावर आत आणि बाहेर सेंटिमीटरच्या खुणा रंगवाव्यात. दोन्हींचे शून्य एकाच पातळीला येण्यासाठी गवंड्याकडची पाण्याची नळी पुरते. दर अमावास्या-पौर्णिमेला भरतीचा वरचा आकडा आणि ओहोटीला दार किती तास उघडे राहिले, हे दोनच रकाने वहीत भरावेत. खारेपणासाठी हातात धरायचे मीटर मिळते. शेतातली माती एक भाग आणि पावसाचे पाणी दोन भाग वजनाने घेऊन ढवळावे, अर्ध्या तासाने मोजावे. हा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो, त्यामुळे दोन्हींची तुलना करू नये. त्याच जागेचा मागच्या पंधरवड्याचा आकडा आणि आजचा, एवढेच पाहावे. साध्या भाताचे उत्पन्न प्रयोगशाळेच्या मापाने दर मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या (हे खारेपणाचे एकक) पुढे घटू लागते, दर एका डेसिसीमेन्सला साधारण बारा टक्के. पहिल्या पावसात आकडा खाली येत नसेल तर मानस गळते आहे. अशा कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, ज्योती किंवा जया हे भाताचे नेहमीचे वाण टाकून बियाणे वाया घालवू नये. खारे पाणी सोसणारे पारंपरिक कोरगुट किंवा जुने गोवेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने काढलेले गोवा धान वाण घ्यावेत.

एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. भरती-ओहोटीच्या नुसत्या वेळा छापल्या जातात, तेव्हा मुरगावची उंचीही मीटरमध्ये छापावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत ती असते. जून ते सप्टेंबरमधले सर्वांत उंच भरतीचे दिवस मे महिन्यातच एकत्र छापले तर त्याआधीच्या अष्टमीला कोणते काम संपवायचे, हे संघटनांना ठरवता येईल. नदीत वर असलेल्या गावांत भरती मुरगावच्या नंतर पोचते. किती नंतर, ते ज्या त्या गावाच्या वहीतून निघेल.

आपले,
खाजन बांधांच्या देखभालीशी संबंधित काही शेतकरी
डिचोली आणि तिसवाडी