महसूलमंत्री साहेब, नकाशातली तुटक रेषा सांभाळा

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पळण्याबद्दलचं पत्र आपल्याकडे कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणालाही वाटेल आणि ते 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' क्रीडा विभागाकडे वर्ग होईल. म्हणून आधीच सांगतो. क्रीडा खात्याला लिहिलं तर फार तर तालुक्याच्या गावी ४०० मीटरचा ट्रॅक मिळेल. पर्यटन खात्याला लिहिलं तर पाखाडीवर, म्हणजे आमच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, पेव्हर ब्लॉक बसतील, दुतर्फा रेलिंग येईल आणि मधोमध सेल्फी पॉइंट. मला यातलं काहीच नको आहे. कोकणात पळायला वाटा आहेत, पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांची नोंद तेवढी कागदावर राहायला हवी, आणि तो कागद आपल्या खात्याच्या कपाटात आहे.

मी राजापूर तालुक्यात राहतो आणि इथेच पळतो. आमच्याकडे खाली खाडीकाठचं खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची सखल जमीन, आणि वर सडा, म्हणजे माथ्यावरचं मोकळं कातळाचं पठार. मधलं सगळं एक तर चढ, नाही तर उतार. खाजणाच्या बांधावरून निघालं की साकव (ओहोळावरचा छोटा पूल) ओलांडून वाट आगरात, माडा-पोफळींच्या बागेत, शिरते, पोफळींच्या सावलीतून पाटाच्या कडेकडेने जाते आणि मग पाखाडी लागते. जुनी पाखाडी एकदा नीट बघावी. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्याची, पायरी रुंद आणि बुटकी, एका पायरीवर दोन पावलं मावतील एवढी. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईला चढता यावं अशा बेताने रचलेली. वळणावर चिरा किंचित कललेला असतो, पावसाचं पाणी वाटेवरून न वाहता गडग्याच्या (रचलेल्या दगडी कुंपणाच्या) कडेला जावं म्हणून. अशा पाखाडीवर धावत चढता येतं. धाप लागते, पण लय मोडत नाही. अलीकडे कुठला तरी निधी आला की तिच्यावर सिमेंट ओतलं जातं. पायरी उंच होते, गुळगुळीत होते, आणि श्रावणात तिच्यावर शेवाळ धरलं की म्हातारी माणसं पायऱ्या सोडून कडेच्या गवतातून चालतात. शेवाळ जांभ्यावरही धरतं, नाही असं नाही; पण त्याच्या खडबडीत अंगावर पाय ठरतो.

पाखाडी संपली की सडा. उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला हा कातळ जुलैत दीपकाडीच्या पांढऱ्या फुलांनी भरतो, आणि गणपतीच्या सुमारास सीतेची आसवं नि गेंद यांनी. वाऱ्याला अडवायला काही नसतं, पश्चिमेला समुद्र दिसत राहतो आणि पावलं आपोआप लांब पडू लागतात. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत. बाहेरच्या जगाला ती अलीकडे कळली; २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्यावरून ये-जा करणाऱ्यांना त्यातली कित्येक आधीपासून ठाऊक होती. (देवाचे गोठणे इथे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. तिथे नवख्याने वाटेवरच राहिलेलं बरं.) सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, तेव्हा उगाच दगड उलथू नयेत आणि बूट पायात घालण्यापूर्वी झटकावेत. पण मळलेल्या वाटेवर पायाखालचं सगळं दिसतं. झाडीत घुसून वाट काढावी लागली की धोका वाढतो. वाट टिकण्याचा हा एक साधा, जिवाशी संबंधित फायदा आहे.

कुठल्या वाटा आजही नीट आहेत, हे पळणाऱ्याला लगेच कळतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी जिथून जाते, त्या वाटा. पालखी वाडीवाडीत, घराघरात जायची म्हणजे होळीआधी वाट बेणलीच पाहिजे. झुडपं तोडली जातात, ढासळलेला चिरा पुन्हा बसवला जातो, साकवाची फळी बदलली जाते. मानकऱ्यांमध्ये कितीही वाद असले तरी पालखीची वाट अडवायची कुणाची छाती होत नाही. ज्या वाटेला पालखीचं संरक्षण नाही, तिची रया गेलेली असते. मुलं शाळेच्या गाडीने जातात, पाणी नळाला येतं, गुरं कमी झाली. मग उरतो आम्ही पळणारे, रानात काजू-बोंडूला जाणाऱ्या बायका आणि एखादा गुराखी.

आणि भरतीची पोरं. यांच्याकडे आपण मुद्दाम लक्ष द्यावं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. गावोगावची पोरं-पोरी पहाटे अंधारात सराव करतात, आणि कुठे करतात? डांबरी रस्त्याच्या कडेला, चिरे भरलेल्या डंपरच्या उजेडात. रस्त्याला साइडपट्टी नाही, वळणावर समोरचं दिसत नाही. त्याच गावाच्या माथ्यावर मोकळा सडा असतो, पण वर जायची वाट बंद झालेली असते. पहाटे एकट्या मुलीला आईबाप सड्यावर पाठवायचे नाहीत, हे खरंच आहे. पण दोघीतिघी मिळून जातील, वाट वाहती असेल तर.

वाटा बंद होतात त्या दोन-तीन तऱ्हांनी. जमीन विकली जाते, नवा मालक सरळ रेषेत चिरेबंदी कुंपण घालतो. जुन्या गडग्याला वाटेच्या जागी बेडं, म्हणजे माणूस जाईल एवढी खुली वाट, असायचं, नाही तर पाय ठेवायला एखादा चिरा बाहेर काढलेला असायचा. मालकी आणि वाट अशा एकत्र नांदत होत्या. नव्या कुंपणाला फक्त फाटक आणि फाटकाला कुलूप. दुसरी तऱ्हा चिरेखाणीची. पिढ्यान् पिढ्यांची वाट चालत चालत थेट खड्ड्याच्या काठावर संपते. काठ उभा कापलेला, खाली पावसाचं हिरवं पाणी, आणि भोवती साधी दोरीही नाही. धुक्याच्या सकाळी तिथे काय होऊ शकतं, ते लिहायला नको. तिसरी तऱ्हा विकासाची: पाऊलवाटेचा रस्ता होतो.

या तिसरीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ती आपल्या खात्याशी निगडित आहे आणि हेतू चांगला आहे. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री योजना आली. २०२५ मध्ये शेतरस्ते किमान ३ ते ४ मीटर रुंद करून त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायचं ठरलं. देशावर ट्रॅक्टर बांधापर्यंत जायचा म्हणजे एवढी रुंदी हवीच. कोकणात हातभर रुंदीची वाट उतारावर नागमोडी चढलेली असते. तिला ४ मीटर करायचं म्हणजे दरड कापायची, आगरातल्या माडा-पोफळींचा बळी द्यायचा, आणि पहिल्याच पावसात ती माती खालच्या घरात. लोक मग रुंदीकरणाला विरोध करतात, आणि रुंदी नाही म्हणून नोंदही राहून जाते. नोंद आणि रुंदी यांची ही गाठ सोडवा, एवढीच माझी मुख्य मागणी आहे. हातभर वाटेची हातभर रुंदीनेच नोंद व्हावी.

कायद्यात आधार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० सांगतं की दुसऱ्या कुणाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या आहेत. गावनकाशात पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. पण वाट अडली तर दाद मागायची कशी? कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा हे मुख्यतः ज्याला शेताकडे जायचं आहे त्याच्या कामाचे. शाळेच्या मुलीने, गुराख्याने किंवा पळणाऱ्याने कोणत्या दारात उभं राहायचं, ते कुठे स्पष्ट नाही. शिवाय आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर भावकीची नावं मावत नाहीत, आणि निम्म्या वाटा खासगी जमिनीतून, केवळ वहिवाटीने चाललेल्या. त्या नकाशात नसतीलही. ड्रोनने गावठाणं मोजली जातात, पण या वाटा आंब्या-काजूच्या झाडोऱ्याखाली असतात. त्या पायानेच मोजाव्या लागतील.

इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावलं. आजही तिथली डोंगराळ शेतं आणि जंगलं ओलांडून माणसं पळतात ती बरीचशी त्या नोंदलेल्या वाटांवरून. नकाशावर तुटक हिरवी रेघ असते आणि शेतकऱ्याला ती अडवता येत नाही. तिथलं सगळं इथे आणायला पाहिजे असं नाही. आपल्याकडे ग्रामसभा आहे, तीच पुरे. वाडीवार वाटांची यादी ग्रामसभेने करावी, तलाठ्यांनी (आता ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी) ती चालून बघावी आणि गावनकाशावर चढवावी. कुंपणाला हरकत नाही, पण वाटेच्या जागी माणूस जाईल एवढं बेडं सक्तीचं असावं. खाणीला परवाना देताना नकाशातली तुटक रेषा बघितली जावी आणि काठाला कुंपण हवं.

बागायतदारांची भीती मला ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये हापूस झाडावर असताना अनोळखी माणूस बागेतून पळत गेला, तर राखणदार आधी काठी घेणार आणि मग चौकशी करणार. त्याचं चुकत नाही. हंगामात बागेतल्या वाटा रात्री बंद ठेवाव्यात, दिवसा गावच्या माणसांना खुल्या असाव्यात. हे गावागावात बोलून ठरतं. भांडण होतं ते कुणी काहीच न विचारता भिंत घालतो तेव्हा.

काम सुरू करायचंच तर मे महिन्यात करावं. चाकरमानी गावात असतात, ग्रामसभेला माणसं जमतात, आणि पालापाचोळ्याखालची वाट पायाला लागते. आमच्या वाडीत पंचाहत्तरी ओलांडलेले दोघंतिघं आहेत, ज्यांना खाडीपासून सड्यापर्यंतची प्रत्येक वाट तोंडपाठ आहे. कुठे बेडं होतं, कुठे साकव होता, कुणाच्या आजोबांनी कुठून वाट दिली होती. त्यांच्याने आता चढवत नाही. मोजणीला माणूस आला तर त्यांना खुर्चीवर बसवून वर न्यायला आम्ही पळणारी मंडळी तयार आहोत.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक पळणारा