दादा, तो शर्ट फुटबॉलचा नाहीये

पॅरिस

प्रिय दादा,

आई म्हणत होती की माझा एफएफएफ लिहिलेल्या शर्टातला फोटो बघून तू म्हणालास, ‘हा फुटबॉल कधीपासून बघायला लागला?’ अरे नाही रे, तो एफएफएफ नावाच्या फ्रेंच बँडचा शर्ट आहे! एफएफएफ म्हणजे खरंतर इथली फुटबॉल फेडरेशन, या बँडवाल्यांनी मुद्दाम तीच अक्षरं उचलली आणि फुटबॉल काढून फंक (ते ठेकेबाज अमेरिकन नाचाचं संगीत) घातलं, वर त्याचं स्पेलिंग पण फ्रेंच थाटात वाकडं केलं, Fonck. उच्चार ऐकलास तर तुला संत्र्याची फाकच आठवेल.

शर्टासोबत जुन्या बाजारात सीडी पण मिळाली, कव्हरला तडा गेलेली, दोन युरो. 1991 चा पहिला अल्बम, ‘ब्लास्ट कल्चर’, प्रोड्युसर बिल लासवेल, म्हणजे अमेरिकन जॅझवाल्या हर्बी हॅन्कॉकच्या ‘फ्यूचर शॉक’ अल्बमवाला! खाली फंकचा ठेका आणि वरून रॉकची दणदणीत गिटार. पण तू बास ऐक, अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने उपसून सोडायची, तुझ्या ढोलकीच्या थापेसारखं थेट पोटात लागतं. आणि गायक मार्को प्रिन्स मधेच ट्रॉम्बोन वाजवतो, ते लग्नाच्या बँडमधलं पुढेमागे सरकणारं नळकांडं, तेच.

सुरुवातीला गाणी इंग्रजीतच जास्त होती, मग फ्रेंच वाढत गेलं. 1996 च्या अल्बममध्ये ‘बार्बेस’ नावाचं गाणंय, मी बुधवार-शनिवार जिथे मेट्रोच्या पुलाखालच्या बाजारातून कोथिंबीर आणतो ना, तोच भाग, त्यामुळे ते जरा जास्तच आपलं वाटतं. 2000 चा ‘व्हिएर्ज’ आला आणि पुढे लवकरच बँड मोडला. तुमचा ऑर्केस्ट्रा मोडला तसा, फक्त इथे हार्मोनियम कोणाची यावरून भांडण झालं का ते माहीत नाही, हाहा. गिटारवाला यारोल पुपो नंतर थेट जॉनी हॅलिडेच्या बँडचा म्युझिक डायरेक्टर झाला, जॉनी म्हणजे इथला रॉक गायक, लोकांचा देवच, 2017 ला गेला तेव्हा रस्ते भरले होते. मार्को 2010 ला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत जज होता. आणि बँडवाले पुढे परत एकत्र येऊन वाजवायला पण लागले, बघ, आणि तू मात्र ढोलकी माळ्यावर टाकलीस.

डिसेंबरमध्ये रूममेट पुण्याला येतोय, त्याच्याकडे सीडी देतोय. तो जुना प्लेअर चालतोय का बघून ठेव, आणि वहिनी घरी नसताना लाव.

तुझा,
बंड्या