त्या बाईंना तू कोणतं पुस्तक दिलंस?

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवता ठेवता तू एक गोष्ट सांगितलीस आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेलीस. दुकानात एक बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "या अनुवादकाचं आणखी काही आहे का हो तुमच्याकडे?" लेखकाचं नव्हे, अनुवादकाचं. तू ते अगदी सहज सांगितलंस. मला मात्र रात्री बराच वेळ झोप आली नाही. अनुवादांची हस्तलिखितं तपासण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी फार तर पाच-सहा वेळा ऐकला असेन.

त्याच फोनवर तू म्हणालीस की मालक अनुवादाची फळी कमी करायचं म्हणताहेत. पुस्तकं हलत नाहीत, जागा अडते. "मी काय सांगू त्यांना?" असं तू विचारलंस आणि मी नुसतं "बघू" म्हणाले. दुकान चालवणाऱ्याला एकेका फळीचा हिशोब ठेवावा लागतो, त्यामुळे त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण ती पुस्तकं का हलत नाहीत, हे आधी बघायला हवं.

एखादं पुस्तक स्वतःच्या भाषेत येतं, तेव्हा त्याच्या पाठीशी माणसं असतात. लेखक कार्यक्रमाला येतो, प्रतींवर सह्या करतो. त्याचं आधीचं काहीतरी कुणीतरी वाचलेलं असतं, कुणाला त्याचा शाळेतला धडा आठवतो. भाषा ओलांडली की हा सगळा गोतावळा पलीकडेच राहतो. लेखक हजारो मैलांवर, कधी हयातच नाही. नव्या भाषेत त्याच्या बाजूने बोलायला उरतात तीन माणसं: अनुवादक, संपादक आणि विक्रेता. यातला एक जरी गप्प बसला तरी पुस्तक फळीवर उभं राहून धूळ खातं. माझा सगळा अनुभव मला एवढंच सांगतो.

तू म्हणशील, संपादक पुस्तक निवडतो म्हणजे त्याने ते वाचलेलं असणारच. तसं नसतं गं. बहुतेक वेळा संपादकाला मूळ भाषा येतच नाही. दर ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या पुस्तकमेळ्यात अनुवादाच्या हक्कांचे व्यवहार होतात. एका मोठ्या दालनात ओळीने टेबलं मांडलेली असतात, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी ठरलेल्या असतात, आणि समोरच्याला वाचता न येणाऱ्या पुस्तकाची गोष्ट एक माणूस दुसऱ्याला तोंडी सांगत असतो. मग ती भाषा जाणणाऱ्या एखाद्या वाचकाकडून अभिप्राय मागवायचा, पंधरा-वीस पानांचा नमुना अनुवाद करून घ्यायचा आणि त्यावर निर्णय घ्यायचा. म्हणजे तुझ्या दुकानात येण्याआधी त्या पुस्तकाची तीन-चार वेळा तोंडी शिफारस होऊन गेलेली असते. शेवटची शिफारस तुझी.

कितीदा तर पुस्तक शोधून आणणारा अनुवादकच असतो. हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन' ही कादंबरी कोरियन भाषेत २००७ साली आली आणि इंग्रजीत यायला २०१५ उजाडलं. ती इंग्रजीत नेणाऱ्या डेबोरा स्मिथ यांनी काही वर्षांपूर्वीच स्वतःहून कोरियन शिकायला घेतलं होतं. २०१६ साली त्या कादंबरीला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं. त्या वर्षापासूनच हे पारितोषिक दरवर्षी एका अनुवादित पुस्तकाला मिळू लागलं आणि त्याचे पन्नास हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाऊ लागले. अनुवादात चुका आहेत, शैली मुळापेक्षा भरजरी झाली आहे, अशी टीकाही पुष्कळ झाली. ती करायलाच हवी होती, कारण अनुवादावर वाद होतो तेव्हाच लोक तो अनुवाद म्हणून वाचत असतात. पण पुढचं बघ. स्मिथ यांनी २०१५ मध्ये टिल्टेड ॲक्सिस नावाची एक लहानशी प्रकाशनसंस्था सुरू केली. गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'चा डेझी रॉकवेल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद तिथून २०२१ साली निघाला, आणि २०२२ मध्ये हिंदीतल्या कादंबरीला पहिल्यांदाच ते पारितोषिक मिळालं. हान कांग यांना २०२४ मध्ये नोबेलही मिळालं. पारितोषिकानंतर सगळेच ती पुस्तकं दर्शनी भागात मांडतात. त्याआधीच्या काळात कुणीतरी ती धरून ठेवली होती, आणि तुझ्या दुकानातली ती फळी म्हणजे तोच आधीचा काळ आहे.

आता तुमच्या फळीबद्दल. तिच्यावर 'अनुवादित' अशी पाटी आहे ना, ती काढून टाक असं मालकांना सांगून बघ. खुनाचा तपास, कुणाचं आत्मचरित्र, युद्धातली रोजनिशी आणि एक कवितासंग्रह शेजारी शेजारी उभे, आणि दुसऱ्या भाषेतून आलोय एवढंच त्यांचं एकमेकांशी नातं. "आज एखादा अनुवाद वाचावा" असं म्हणून घरातून कोण निघतं? रहस्यकथा रहस्यकथांत ठेव, आत्मचरित्र आत्मचरित्रांत. वेगळी फळी असली की शोधणाऱ्याला सोपं जातं, हे म्हणणंही खोटं नाही. पण शोधत येणारे थोडे, आणि त्या पाटीकडे बघून पुढे निघून जाणारे फार. त्या बाईंसारख्यांसाठी पुस्तकात एक चिठ्ठी खोचून ठेव: अनुवादकाचं नाव आणि त्याची दुसरी दोन पुस्तकं.

दुसरी गोष्ट तू स्वतः बघ. ग्राहक पुस्तक उचलतो, मलपृष्ठ वाचतो, मग पहिलं पान उघडतो. तिथून तो साधारण दुसऱ्या परिच्छेदात परत फिरतो. मी कितीतरी जणांना असं पुस्तक मिटताना पाहिलंय, आणि विचारलं की उत्तर बहुधा एकच येतं, "नावं लक्षात राहत नाहीत." भाषा जड आहे, विषय परका आहे, हे नंतर. आधी नावं. रशियन कादंबरीत एकाच माणसाला तीन नावांनी हाका मारतात, आणि वाचकाला वाटतं तीन माणसं आली. अशा वेळी तू जवळ असलीस तर एवढंच सांग, की पहिली पंचवीस पानं नावांकडे लक्ष देऊ नका, माणसं ओळखीची झाली की नावं आपोआप बसतात. शेवटच्या पानावर पेन्सिलीने नावं लिहून ठेवायची सवयही काहींना उपयोगी पडते. पारितोषिकाचं मात्र सांगू नकोस. त्याने पुस्तक विकलं जातं, पण वाचलं जात नाही. पुस्तकात काय घडतं ते एका वाक्यात सांग, आणि ते सांगता येण्यासाठी तू ते वाचलेलं असू दे.

आणि कुणी म्हणालं की अनुवाद म्हणजे दुय्यम, उसनवारीचं लेखन, तर त्याला ही छत्रीची गोष्ट सांग. एका कादंबरीवर आम्ही काम करत होतो. मूळ इंग्रजी. एकाच इमारतीत राहणारे दोघे, हळूहळू जवळ येतात. इंग्रजीत एक 'यू' सगळ्यांना पुरतो, पण आपल्याला ठरवावंच लागतं की ती त्याला 'तुम्ही' कुठपर्यंत म्हणेल आणि 'तू' कुठून म्हणेल. अनुवादिका आणि मी तीन दुपारी त्यावर घालवल्या. चुंबनाच्या प्रसंगात 'तू' आणला तर ढोबळ वाटत होतं, आधी आणला तर घाई. शेवटी तिला जागा सापडली. पावसात तो स्वतःची छत्री तिला देतो, तेव्हा ती म्हणते, "मग तुम्ही कसे जाल?" दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री परत करताना ती विचारते, "काल भिजलास ना?" दोन वाक्यांच्या मध्ये एक कोरी ओळ आणि एक रात्र. मुळात दोन्हीकडे तोच 'यू' आहे. ती रात्र आपल्या भाषेतल्या वाचकालाच कळते, आणि ती अनुवादिकेने लिहिली आहे, एकही शब्द जास्तीचा न घालता.

माझ्या हातून झालेली एक चूकही तुला सांगायची आहे, कारण ती अजून सलते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे एक कादंबरी आली. अनुवादकाने पानोपानी 'दार' हा एकच शब्द वापरला होता. पुनरुक्ती टाळावी असं आपल्याला निबंधात शिकवलेलं असतं. मी मोठ्या हौसेने कुठे दरवाजा केला, कुठे कवाड, एका ठिकाणी तर उंबरठ्यावर भागवलं. प्रूफं गेली तेव्हा ते गृहस्थ स्वतः आले. रागावले नाहीत. प्रूफं माझ्यासमोर ठेवून त्यांनी शेवटचं प्रकरण उघडलं. त्यात म्हाताऱ्या आईला आपल्या घरातल्या वस्तूंची नावं आठवेनाशी झालेली असतात, आणि तिच्या तोंडात एकच शब्द उरलेला असतो: दार. तो शब्द आधी चाळीस वेळा वाचकाच्या कानावरून गेलेला असेल, तरच तिथे तो लागतो. मी तो अकरा ठिकाणी पुसला होता. आम्ही दोघांनी बसून सगळे परत घातले. तेव्हापासून अनुवादात काही खटकलं की मी आधी विचारते, हे असं मुळातच आहे का? संपादकाने गप्प बसू नये असं मी वर म्हटलं, पण त्याने कुठे हात आवरायचा हे मला त्या दिवशी कळलं.

एवढं काम करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर नसतं, याचा मला अजूनही संताप येतो. पोलिश लेखिका ओल्गा तोकार्चुक यांच्या 'फ्लाइट्स' या कादंबरीला २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हा अनुवादिका जेनिफर क्रॉफ्ट यांचं नाव मुखपृष्ठावर नव्हतं. पुढे ३० सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय अनुवाद दिनी, त्यांनी कादंबरीकार मार्क हॅडन यांच्यासोबत एक खुलं पत्र काढलं: लेखकांनीच प्रकाशकांकडे आग्रह धरावा की अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर यावं. अनेक लेखकांनी त्यावर सह्या केल्या. काही प्रकाशक बदलले, काही अजूनही नाव आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याजवळ छापतात. छपाईचा खर्च एका ओळीने वाढत नाही, त्यामुळे कारण मला आजवर पटलेलं नाही. तुमच्याकडे येणाऱ्या प्रतींवर नाव नसेल तर तू निदान पुस्तक हातात देताना ते घे. "हे अमक्याचं, तमक्यांनी आणलंय," इतकं पुरे. त्या बाईंनी नाव विचारलं, म्हणजे ते त्यांना कुठेतरी दिसलं होतं.

राहता राहिला परतीचा प्रश्न. न खपलेल्या प्रती प्रकाशकाला परत करायची सोय दुकानांना आहे, आणि ती नसती तर अनोळखी लेखकाची एकही प्रत कुणी ठेवली नसती. पण दोन-तीन महिन्यांत प्रती परत जातात, आणि अनुवादाला तेवढ्यात कुणी ओळखतही नाही. तिकडे प्रकाशकाचं घड्याळ वेगळंच चालू असतं. अनुवाद करू द्यायचा की नाही हा हक्क लेखकाचा, हे लेखकांच्या हक्कांसाठी देशादेशांत झालेल्या १८८६च्या बर्न करारापासून चालत आलंय, आणि ती परवानगी पुष्कळदा ठरावीक वर्षांसाठीच मिळते. मुदत संपली आणि खप झालेला नसला की कुणी ती वाढवून घेत नाही, आणि पुस्तक आपल्या भाषेतून नाहीसं होतं. मालकांशी बोलशील तेव्हा सगळ्या फळीसाठी भांडू नकोस. तू स्वतः वाचलेली पाच पुस्तकं निवड आणि त्यांच्यासाठी एक वर्ष माग. पाच पुस्तकांसाठी ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. मग त्या पाचांबद्दल बोलत राहा, कंटाळा न करता.

छत्रीवाली कादंबरी पार्सलने पाठवली आहे. माझ्या प्रतीत समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या पुसू नकोस.

एवढं सगळं लिहून झालं आणि आता लक्षात आलं की मुख्य गोष्ट तू सांगितलीच नाहीस. त्या बाईंना तू काय दिलंस? आणि त्यांनी आधी कोणतं वाचलं होतं? आज रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आई