स्टुलावर बसून शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही आमच्या खालच्याच मजल्यावर राहता. जिना उतरून दार वाजवलं की भेटता. तरी पत्र लिहितोय, आणि तेही चार लोक वाचतील असं. कारण समोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "चल, काहीतरीच काय!" म्हणता आणि चहा टाकायला उठता. माझं बोलणं दर वेळी तिथेच अडतं.

नवरात्रात ही पावसाने निसरड्या झालेल्या पायरीवरून घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. २०२५ची दिवाळी ऑक्टोबरातच होती, म्हणजे फराळाचे सगळे दिवस प्लास्टरमध्ये जाणार हे दवाखान्यातच कळलं. आमच्याकडून दर दिवाळीला चार घरी डबे जातात : ऐरोलीला ताईकडे, डोंबिवलीला हिच्या माहेरी, कळव्याला मामांकडे आणि घरकामाला येणाऱ्या मावशींकडे. नोकरी सांभाळून ही ते सगळं एकटी करते. त्यातही अनारसे आणि नानकटाई म्हणजे हिचा हात. मी म्हटलं, "या वर्षी विकतचं आणू." विकतचं वाईट असतं असं मला म्हणायचं नाही, ठाण्यात बचत गटांच्या बायका उत्तम फराळ करतात. पण ही काही न बोलता माळ्याकडे बघत राहिली. तिथे ते चार स्टीलचे डबे पालथे घातलेले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला बघायला आलात. मी चहाचे कप ठेवता ठेवता बोलून गेलो, "मी केलं तर?" लेक हसली. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "कर की. माझी बोटं आता वळत नाहीत, पण सांगायला मी आहे. आणि ही आहेच."

ते "ही आहेच" तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं. आता येतंय.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला जांभळी नाक्यावर तांदूळ आणायला पिटाळलंत. जुनाच हवा, नवा चिकट होतो, असं दोनदा बजावून. रात्री तो भिजत घातला. रोज सकाळी पाणी बदलायचं, नाहीतर वास मारतो. तिसऱ्या दिवशी त्याला हलकासा आंबूस वास आला तेव्हा मला वाटलं, वाया गेला. तुम्ही हुंगून म्हणालात, "आता कुठे झालाय. हे आंबणंच पुढे जाळी पाडतं." कोजागिरीच्या दिवशी तो उपसून पंचावर पसरला. उन्हात नाही, सावलीत, पंख्याखाली. पूर्ण कोरडाही होऊ द्यायचा नाही. दळून, मैद्याच्या चाळणीने चाळून मूठ दाबली, तर मुटका झाला पाहिजे. मिक्सरमधून काढलेलं ते ओलसर पीठ इतकं मऊ होतं की मी उगीचच दोन-तीनदा हात घातला.

मग गुळाची वेळ आली. तुमच्या घरी अनारसे साखरेचे होतात, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मात्र तुम्ही स्टुलावर बसून हिलाच विचारलंत, "तुमच्याकडे काय घालतात गं?" ही म्हणाली, "गूळ. आजीपासून." तुम्ही म्हणालात, "मग गूळच." अर्धा किलो पिठाला ४०० ग्रॅम गूळ, चमचाभर तूप, मळून उंडे केले आणि डब्यात घट्ट बंद. वाटीभर कोरडं पीठ मात्र बाजूला ठेवायला सांगितलंत. कशाला म्हणून विचारलं तर, "कळेल तेव्हा."

ते वसुबारसेला कळलं. केळीच्या पानावर खसखस पसरून त्यावर अनारसा थापला, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवरच्या तुपात सोडला, आणि बघता बघता त्याचे कण होऊन कढईभर पसरले. "हसला!" तुम्ही आणि ही एकदमच म्हणालात. लेकीला कळेना की अनारसा हसतो म्हणजे काय. ही तिला सांगायला लागली, गूळ जास्त झाला की तो असा विरघळून फुटतो, त्याला हसला म्हणतात, आणि सांगता सांगता प्लास्टरचा हात छातीशी धरून स्वतःच हसायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. काकू, त्या हसण्यासाठी मी तुमचा किती ऋणी आहे हे मला लिहिता येत नाही.

बाजूला ठेवलेल्या पिठातलं दोन चमचे मळून घेतलं. दुसरा निम्मा टिकला. तिसरा जाळीदार झाला. तो उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं, मग चाळणीत उभा करून निथळू द्यायचा. ही समोर बसून डाव्या हाताने पानावर खसखस भुरभुरवत होती. एकूण ४१ झाले.

नानकटाईने मला जास्त दमवलं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात भट्टीवर आहे, स्टीलचे सुटे भाग तापवून कडक करायचं काम. म्हणून वाटलं होतं, ओव्हन तर माझ्या हातचा मळ. पहिला ट्रे बाहेर काढला तर सगळ्या एकमेकींना चिकटून एक सपाट पोळी झालेली. तुम्ही ओव्हनकडे बघितलंही नाहीत, तुपाच्या पातेल्यात बोट घातलंत. "पातळ झालंय. ऑक्टोबरचं ऊन आहे, तूप थिजलेलंच घ्यायचं." तूप फ्रीजमध्ये ठेवून थिजवलं, मग परातीत पिठीसाखरेबरोबर तळहाताने फेसलं, पांढरंशुभ्र होईपर्यंत. त्याचा थेंब पाण्यात टाकला तर तरंगायला हवा, म्हणजे आत हवा शिरलीय. हीच हवा भाजताना फुगते आणि नानकटाई तोंडात विरघळते. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, वेलची-जायफळ. बेसन हिच्या आईचं, तेही तुम्ही हिच्याकडूनच वदवून घेतलंत. गोळे वळून ट्रे अर्धा तास पुन्हा फ्रीजमध्ये, आणि मग १७० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये.

ट्रे आत असताना तुम्ही सांगितलेलं मला कायम लक्षात राहील. लग्न होऊन तुम्ही ठाण्यात आलात तेव्हा कोणाच्याच घरी ओव्हन नव्हता. दिवाळीच्या आधी घरून मैदा, तूप, साखर घेऊन बायका बेकरीत जायच्या, तिथेच फेसायच्या, तिथलेच काळे पत्रे मांडायच्या. पहाटेचे पाव निघाले की लाकडाची भट्टी हळूहळू निवत जाते, त्या उतरत्या आचेवर नानकटाई भाजायची. आपला पत्रा ओळखू यावा म्हणून कोणी चारोळी लावायचं, कोणी पिस्त्याचा काप. तुम्ही मधोमध अंगठ्याचा ठसा उमटवायचात. मी आमच्या भट्टीवर एवढी वर्षं आहे, पण उतरत्या आचेचा असा उपयोग कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांना सांगितला.

दुसरा ट्रे निघाला. मी लगेच एक उचलली, ती मोडली. तुम्ही म्हणालात, "गार होऊ दे. अजून धरलेली नाही." कारखान्यात नव्या मुलांना मी हेच ओरडून सांगत असतो.

डबे गेले. भाऊबिजेला ऐरोलीत ताईने अनारसा तोंडात टाकला आणि हिला फोन लावला, "प्लास्टरमध्ये कसे केलेस गं?" ही म्हणाली, "याने केले. मी आणि काकूंनी सांगितलं."

काकू, या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितोय. तुम्ही मनात आणलं असतं तर तुमच्या घरून चार डबे भरून दिले असतेत. सुनेला बोलावून आमच्याकडे करून घेतलं असतंत. आम्ही तेव्हाही आभारच मानले असते. पण मग हिचं स्वयंपाकघर त्या दिवाळीत दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेलं असतं, आणि ही आतल्या खोलीत पडून भांड्यांचे आवाज ऐकत बसली असती. तुम्ही प्रत्येक गोष्ट तिला विचारून केलीत. जे तुम्हाला पक्कं माहीत होतं तेसुद्धा. खसखस किती, जायफळ घालायचं का, डब्यात खाली कागद घालायचा की नाही. आमच्या लेकीने हे सगळं बघितलं आहे, आणि तिने ते बघितलं याचा मला फार आनंद आहे.

प्लास्टर निघालंय. मनगट अजून पूर्ण वळत नाही, ती रोज चेंडू दाबायचा व्यायाम करते. काल म्हणाली, पुढच्या अनारशांपर्यंत वळेल.

पुढचे अनारसे फार लांब नाहीत. १७ मे २०२६ पासून अधिक ज्येष्ठ आहे. जावयाच्या वाणाचे ३३ अनारसे आता आपल्याच्याने होणार नाहीत, असं तुम्ही त्या दिवशी उठता उठता म्हणाला होतात, आमच्यापैकी कोणाकडे न बघता. आम्ही दोघांनी ते ऐकलं होतं. ते आमच्याकडे करू. साखरेचे, तुमच्याकडे होतात तसे. खसखस किती, ते आम्ही तुम्हाला विचारू. स्टूल तिथेच ठेवलंय. तांदूळ कधी भिजत घालायचा, तेवढं सांगा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा